डिलीट केलेली फाइल खरंच जाते का? हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि मोबाईलमध्ये नेमकं काय घडतं?

जून २०२४ मध्ये नीट परीक्षेतल्या गैरप्रकारांवरून देशभर गदारोळ सुरू होता. त्याच वेळी दहशतवादविरोधी पथकाच्या नांदेड युनिटनं लातूरमध्ये दोन शिक्षकांची चौकशी केली. त्यानंतर लातूरच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात चार जणांविरुद्ध गुन्हा दाखल झाला. मोबाईलमध्ये परीक्षार्थींची प्रवेशपत्रं आढळल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि पुढे हे प्रकरण सीबीआयकडे गेलं.

कोणत्याही तपासात मोबाईल जप्त झाल्याची बातमी आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो. डिलीट केलेलं परत मिळतं का?

हा प्रश्न फक्त पोलीस आणि आरोपींचा नाही. लग्नाचे फोटो असलेलं मेमरी कार्ड चुकून फॉरमॅट झालं, तर फोटोग्राफर हाच प्रश्न विचारतो. जुना मोबाईल विकून नवा घेणाऱ्याच्या मनात तोच प्रश्न उलट्या बाजूनं येतो. दरवर्षी प्रवेशाच्या काळात लातूर आणि नांदेडमधले हजारो विद्यार्थी आधार कार्ड, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि गुणपत्रिका घेऊन झेरॉक्स सेंटरवर जातात. या कागदपत्रांच्या फाइल तिथल्या कॉम्प्युटरवर राहतात का, हाही प्रश्न त्यातलाच.

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण फाइल कशावर साठवली होती यावर ते ठरतं. हार्ड डिस्कवर डिलीट केलेली फाइल महिनोन् महिने राहू शकते. एसएसडीवर तीच फाइल काही मिनिटांत कायमची जाऊ शकते. मोबाईलमध्ये तिसराच प्रकार असतो. त्यामुळे अनेकदा उलटंच होतं. जे परत हवं असतं ते मिळत नाही आणि जे गेलं असं वाटतं ते कुठेतरी शिल्लक असतं.

'डिलीट' म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटरवर फाइल दोन ठिकाणी असते असं समजा. एक म्हणजे प्रत्यक्ष मजकूर, म्हणजे फोटो, पत्र किंवा व्हिडिओ. दुसरी म्हणजे त्या मजकुराची नोंद. फाइलचं नाव काय, ती किती मोठी आणि डिस्कच्या कोणत्या जागेवर आहे, हे त्या नोंदीत असतं. या नोंदी ठेवण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात.

जमीन आणि सातबारा यांचं नातं आठवलं तर हे लगेच समजतं. फेरफार झाला की उताऱ्यावर जुन्या खातेदाराच्या नावाला कंस होतो. जमीन मात्र जागेवरच असते, तिच्यातलं उभं पीकही तसंच असतं. फाइल डिलीट केल्यावरही आधी फक्त नोंद बदलते. 'ही जागा आता मोकळी आहे' एवढंच कॉम्प्युटर लिहून ठेवतो. मजकूर तिथेच पडून राहतो. नवी फाइल त्या जागेवर लिहिली गेली, म्हणजे नव्या मालकानं शेत नांगरलं, की मग जुनं पीक जातं.

असं का करतात? कारण ते झटपट होतं. दोन जीबीचा सिनेमा डिलीट करताना दोन जीबी जागा पुसत बसायची, तर वेळ लागेल. नोंद बदलायला क्षणही लागत नाही.

त्याआधी रिसायकल बिनचा टप्पा असतो. विंडोजमध्ये साधं डिलीट केलं तर फाइल फक्त एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये जाते. रिसायकल बिन रिकामं केलं, किंवा शिफ्ट धरून डिलीट केलं, तरच वर सांगितलेला नोंदीचा बदल होतो. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल मात्र सहसा रिसायकल बिनमध्ये जातच नाही. अनेकांना हे माहीत नसतं आणि ते बिनमध्ये शोधत बसतात.

हार्ड डिस्क: सर्वात जास्त काळ आठवण ठेवणारी

जुने डेस्कटॉप, सरकारी कार्यालयांतले अनेक कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीचे रेकॉर्डर यांत फिरती हार्ड डिस्क असते. त्यात चुंबकीय थर असलेल्या चकत्या असतात आणि त्यावर माहिती लिहिली जाते.

विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टिम एका मोठ्या तक्त्यात प्रत्येक फाइलची नोंद ठेवते. फाइल डिलीट झाली की त्या नोंदीवर 'वापरात नाही' अशी खूण होते. फाइलचं नाव, तारखा आणि जागेचा पत्ता बऱ्याचदा तसाच राहतो. म्हणूनच रिकव्हरी सॉफ्टवेअर अशा फाइल नावासकट परत आणू शकतं. लिनक्समधली एक्स्ट४ ही पद्धत डिलीट करताना जागेचा पत्ताही पुसते. त्यामुळे तिथे मजकूर शिल्लक असला तरी तो शोधणं अवघड जातं.

डिस्क जवळपास रिकामी असेल, तर जुन्या जागेवर नवं लिहिण्याची वेळ लवकर येत नाही. अशी फाइल वर्षभरही टिकू शकते. डिस्क गच्च भरलेली असेल, तर तासाभरातही जाऊ शकते.

फॉरमॅट केलं म्हणजे सगळं गेलं, हाही गैरसमज आहे. 'क्विक फॉरमॅट' फक्त नवा कोरा नोंदतक्ता तयार करतो, जुना मजकूर तसाच ठेवतो. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट वेगळी आहे. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांमध्ये पूर्ण फॉरमॅट करताना डिस्कवर सगळीकडे शून्यं लिहिली जातात.

यातला धोका अमेरिकेतल्या एमआयटीच्या सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट या दोन संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिला. त्यांनी १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. उरलेल्यांमध्ये पत्रं, आरोग्याच्या नोंदी आणि ५ हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. एक डिस्क तर एटीएममधली असावी असं दिसत होतं, कारण तिच्यात वर्षभराचे व्यवहार होते.

मग हार्ड डिस्क पुसायला ३५ वेळा लिहावं लागतं का? हा आकडा १९९६ मधल्या पीटर गुटमन यांच्या शोधनिबंधातून आला. तो त्या काळच्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्क लक्षात घेऊन काढलेला होता. आजच्या हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा नवं लिहिलं, तरी जुना मजकूर परत मिळत नाही. माहिती पुसण्याबाबत अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं जगभर वापरली जातात. त्यांतही एकदा लिहिणं पुरेसं मानलं आहे.

एसएसडी: इथे उशीर केला तर काहीच उरत नाही

आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात फिरणारा भाग नसतो. फ्लॅश चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात माहिती साठवलेली असते. वेग जास्त मिळतो, पण या चिपची एक अडचण आहे. लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी ती जागा पुसावी लागते.

पुसण्याची पद्धतही विचित्र आहे. लिहिताना छोट्या 'पानां'वर लिहिलं जातं, पण पुसताना शेकडो पानांचा अख्खा 'ब्लॉक' एकदम पुसावा लागतो. शिवाय प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो, नंतर तो खराब होतो. म्हणून एसएसडीच्या आत एक छोटा कंट्रोलर असतो. माहिती कुठे ठेवायची, कुठली हलवायची आणि कुठला ब्लॉक पुसायचा, हे सगळं तो ठरवतो.

पण कंट्रोलरला फाइल म्हणजे काय हे कळत नाही. कोणती पानं आता नको आहेत, हे ऑपरेटिंग सिस्टिमनं त्याला सांगावं लागतं. त्यासाठीच्या आदेशाला 'ट्रिम' म्हणतात. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून ही सोय आहे. फाइल कायमची डिलीट झाली की विंडोज लगेच एसएसडीला कळवतं, 'ही पानं आता कामाची नाहीत.' त्यानंतर कंट्रोलर सवडीनं ती पुसतो. अनेक एसएसडी तर ट्रिम मिळाल्याबरोबर त्या जागी फक्त शून्यं दाखवतात, मग आत प्रत्यक्ष पुसणं झालेलं असो वा नसो.

म्हणजे इथे जुनं नाव निघाल्याबरोबर कोणीतरी शेत नांगरून मोकळं होतं. नव्या मालकाची वाटही पाहत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मर्डोक विद्यापीठातील ग्रॅम बेल आणि रिचर्ड बॉडिंग्टन यांनी २०१० मध्ये हा प्रयोग करून पाहिला. एसएसडी क्विक फॉरमॅट केल्यावर कोणीही काहीही न करता काही मिनिटांत ती स्वतःच आतून पुसली गेली. हार्ड डिस्कवर मात्र सगळं जागच्या जागी होतं. म्हणून एसएसडीवर 'उद्या दुकानात नेऊ' असं म्हणणं महागात पडतं. लॅपटॉप नुसता चालू असला तरी पुसण्याचं काम सुरू असतं.

याला काही अपवाद आहेत. एसएसडी यूएसबीच्या डबीत बसवून बाहेरून जोडलेली असेल, तर ट्रिमचा आदेश कधी कधी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी मजकूर शिल्लक राहू शकतो.

दुसरी बाजूही आहे. एसएसडी खात्रीनं पुसायची असेल, तर तिच्यावर एखादी मोठी फाइल लिहून काम भागत नाही. कंट्रोलर काही जागा राखीव ठेवतो आणि ती बाहेरून दिसत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासलं. एकेक फाइल निवडून पुसण्याची सॉफ्टवेअरं एसएसडीवर वापरली, तरी चिपमध्ये मजकुराचे अंश सापडले. म्हणून एसएसडीसाठी कंपनीनं दिलेली 'सिक्युअर इरेज' सोय वापरावी, किंवा पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन चालू ठेवावं.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड: इथे आशा ठेवायला जागा आहे

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डमध्येही फ्लॅश चिपच असते. पण सर्वसाधारण वापरात त्यांना ट्रिमचा आदेश मिळत नाही. त्यामुळे डिलीट केलेली फाइल बऱ्याचदा जुन्या हार्ड डिस्कप्रमाणे जागेवरच राहते.

यांच्यावर सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट ही फाइल सिस्टिम असते. फॅट३२ मध्ये फाइल डिलीट झाली की नोंदीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून एक खूण लिहिली जाते. म्हणूनच परत मिळालेल्या फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर अनेकदा गायब असतं.

नोंद पूर्ण गेली असेल, तरी एक मार्ग उरतो. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक तीन बाइटनी होते. सॉफ्टवेअर कार्डाच्या पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत ही खूण शोधतं आणि तिथून फोटो उचलतं. 'फोटोरेक' हे मोफत सॉफ्टवेअर असंच काम करतं. यात फाइलची जुनी नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, पण फोटो मिळतात. व्हिडिओ मात्र दगा देतात. ते मोठे असतात आणि अनेकदा तुकड्यांत विखुरलेले असतात. नोंद गेली की कुठला तुकडा कुठल्यानंतर येतो हे कळत नाही.

लग्नाचं कार्ड चुकून फॉरमॅट झालं तर पहिला नियम एकच. कार्ड कॅमेऱ्यातून काढा आणि त्यावर पुढचा एकही फोटो काढू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच कार्डावर उतरवू नका आणि मिळालेले फोटोही त्यावर ठेवू नका. कॅमेऱ्यात 'लो लेव्हल फॉरमॅट' निवडलेलं असेल, तर मात्र आशा फारच कमी.

सीडी-डीव्हीडी: न पुसता येणारी

मराठवाड्यात अजूनही अनेक घरांच्या कपाटात लग्नाची डीव्हीडी सापडते. डीव्हीडी-आर किंवा सीडी-आरवर लेझरनं रंगद्रव्याच्या थरात खुणा केलेल्या असतात. त्या परत मिटवता येत नाहीत. अशा सीडीवर नंतर 'फाइल काढून टाकली' असं दिसलं, तरी फक्त नवी सूची जोडलेली असते. जुन्या सूचीपर्यंत पोहोचलं की फाइल मिळते. ही माहिती नष्ट करायची तर सीडी तोडणं हाच उपाय.

पण न पुसता येणारी म्हणजे कायम टिकणारी नव्हे. ऊन आणि उष्णता यांनी हा थर खराब होतो. लातूर-नांदेडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जुन्या डीव्हीडीतले व्हिडिओ वेळेत हार्ड डिस्कवर उतरवून घेतलेले बरे.

मोबाईल: कुलूप तसंच, पण किल्ली गेली

मोबाईलमध्येही फ्लॅश चिपच असते आणि तिथेही नको असलेली पानं पुसण्याचं काम मागे चालू असतं. त्यात एन्क्रिप्शनची भर पडते. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या आणि त्यानंतरच्या फोनमध्ये फाइल-स्तरावरचं एन्क्रिप्शन बंधनकारक आहे. आयफोनमध्ये ते पूर्वीपासून आहे. म्हणजे चिपवरचा मजकूर कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली फोनच्या आतल्या सुरक्षित भागात असते.

'फॅक्टरी रीसेट' केल्यावर ही किल्ली नष्ट होते. चिपवर काही तुकडे उरले, तरी त्यांचा अर्थ लावता येत नाही. त्यामुळे नव्या फोनवर नीट केलेला रीसेट जुन्या फोनपेक्षा कितीतरी भरवशाचा असतो. म्हणूनच रीसेट केलेल्या नव्या फोनमधून 'सगळं परत काढून देतो' असं कोणी सांगत असेल, तर पैसे देण्याआधी दोनदा विचार करा.

पण फोनमध्ये टाकलेलं मेमरी कार्ड या कुलपाच्या बाहेर असू शकतं. फोन विकताना कार्ड आतच राहिलं, तर फोटो आणि कागदपत्रं नव्या मालकाच्या हाती जातात.

मग तपासात मोबाईलमधून इतकी माहिती कशी मिळते? बहुतेक वेळा ती डिलीट झालेलीच नसते, किंवा दुसरीकडे शिल्लक असते. समोरच्याच्या फोनमध्ये तोच मेसेज असतो. गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर बॅकअप असतो. फोटो काढला की त्याची छोटी प्रतिमा वेगळी साठवलेली असते. ॲप आपली माहिती छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतात आणि त्यात डिलीट केलेल्या ओळी काही काळ राहू शकतात.

क्लाउड आणि व्हॉट्सॲप: पुसण्याला मुदत असते

गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो डिलीट केला, तर तो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. बॅकअप नसलेला फोटो ३० दिवस राहतो. गुगल ड्राइव्ह आणि जीमेलच्या ट्रॅशला ३० दिवसांची मुदत आहे. आयफोनच्या 'रिसेंटली डिलीटेड' अल्बममध्येही फोटो साधारण ३० दिवस असतात. फोटो हरवला तर रिकव्हरी ॲप उतरवण्याआधी ही ठिकाणं पाहा. बऱ्याच वेळा काम तिथेच होतं.

व्हॉट्सॲपवर 'डिलीट फॉर मी' म्हणजे फक्त स्वतःच्या फोनमधून काढणं. 'डिलीट फॉर एव्हरीवन' समोरच्याच्या चॅटमधूनही मेसेज काढतं, पण त्याला वेळेची मर्यादा आहे. शिवाय त्याआधी समोरच्यानं फाइल दुसरीकडे साठवली असेल, तर ती तिथे राहतेच.

झेरॉक्स सेंटरवर नेमकं हेच होतं. लातूरच्या ट्यूशन एरियात असो की नांदेडच्या एखाद्या चौकात, पद्धत तीच असते. दुकानदाराच्या नंबरवर आधार कार्डाची पीडीएफ पाठवायची, तो व्हॉट्सॲप वेबवर उघडतो आणि प्रिंट देतो. तेव्हा ती फाइल दुकानातल्या कॉम्प्युटरच्या 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये उतरलेली असते. नंतर विद्यार्थ्यानं स्वतःच्या फोनमधून मेसेज काढला, तरी त्या फोल्डरला काही होत नाही. दुकानदाराचा हेतू वाईट असतो असं नाही. दिवसाला शेकडो प्रिंट काढताना फोल्डर साफ करायला कोणाला सवड नसते.

यावर उपाय साधा आहे. प्रिंट हातात आली की समोरच 'डाउनलोड्स' आणि रिसायकल बिन, दोन्हींतून फाइल काढायला सांगा. जिथे चालतं तिथे आधारचे शेवटचे चारच अंक दाखवणारी 'मास्क्ड' प्रत द्या.

झेरॉक्स मशीनचीही एक गोष्ट आहे. मोठ्या डिजिटल मशीनमध्ये हार्ड डिस्क असू शकते आणि काढलेल्या प्रतींची चित्रं तिच्यात साठू शकतात. अमेरिकेत अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेनं भाड्यानं घेतलेली मशीन डिस्क न पुसता परत केली होती. त्यात रुग्णांची माहिती सापडली आणि २०१३ मध्ये या संस्थेला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. दुकानातल्या प्रत्येक छोट्या मशीनमध्ये अशी डिस्क नसते. पण रुग्णालय, बँक किंवा महाविद्यालयानं जुनं मशीन भंगारात देताना हे विचारलंच पाहिजे.

सीसीटीव्ही: कोणी डिलीट न करताही जाणारं

सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये हार्ड डिस्कच असते, तरी तिथलं जुनं चित्रण सहसा परत मिळत नाही. कारण रेकॉर्डर रात्रंदिवस लिहीत असतो. डिस्क भरली की तो सर्वात जुन्या चित्रणावर नवं लिहायला लागतो. किती दिवसांचं चित्रण राहील, हे कॅमेऱ्यांची संख्या, चित्राचा दर्जा आणि डिस्कचा आकार यांवर ठरतं. दुकानात चोरी झाली किंवा रस्त्यावर अपघात झाला, तर चित्रणाची प्रत त्याच दिवशी मागा.

पोलीस ठाण्यांसाठी मात्र सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये वेगळा दंडक घालून दिला. तिथलं चित्रण शक्य तितका जास्त काळ आणि कोणत्याही परिस्थितीत किमान एक वर्ष जपलं जाईल, अशी यंत्रणा हवी असं न्यायालयानं सांगितलं.

तपासात डिलीट केलेला मजकूर कसा शोधतात?

राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचं मुख्यालय मुंबईत कलिना इथे आहे. नांदेडमध्ये त्याची प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. डिजिटल पुरावा तपासण्याची पद्धत जगभर साधारण सारखीच असते.

जप्त केलेली डिस्क थेट उघडत नाहीत, कारण नुसती उघडली तरी तिच्यात नव्या नोंदी होतात. 'राइट ब्लॉकर' नावाचं उपकरण मध्ये जोडतात. ते डिस्क वाचू देतं, लिहू देत नाही. मग बाइटला बाइट जुळणारी प्रत काढतात आणि मूळ व प्रत, दोन्हींची 'हॅश' काढतात. हॅश म्हणजे मजकुरातून गणितानं काढलेला एक आकडा. एक अक्षर बदललं तरी तो पूर्ण बदलतो. त्यानंतरचा सगळा तपास प्रतीवरच होतो.

न्यायालयात या काटेकोरपणाला किती वजन आहे, हे मराठवाड्यातल्याच एका खटल्यानं ठरवलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचं नामनिर्देशनपत्र मुदत संपल्यावर स्वीकारल्याचा आरोप कैलास गोरंट्याल यांच्या बाजूनं झाला. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. पण त्यासोबत कायद्यानं लागणारं प्रमाणपत्र अधिकाऱ्यांकडून मागूनही मिळालं नव्हतं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं निवडणूक रद्द ठरवली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र आवश्यकच आहे. या प्रकरणात मात्र सर्व प्रयत्न करूनही ते मिळालं नसल्यानं सूट दिली गेली. देशभरातले खटले आज या निकालाचा आधार घेतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हा विषय कलम ६३ मध्ये आहे. आता प्रमाणपत्रात हॅशचा आकडाही लिहावा लागतो. पुरावा म्हणून मागितला जाऊ शकेल असा इलेक्ट्रॉनिक अभिलेख मुद्दाम नष्ट करणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

फाइल चुकून गेली तर काय करावं?

• त्या साधनाचा वापर लगेच थांबवा. पेन ड्राइव्ह आणि कार्ड काढून ठेवा.
• आधी रिसायकल बिन, ट्रॅश, क्लाउड आणि व्हॉट्सॲपवर फाइल ज्याला पाठवली होती ती व्यक्ती, हे सगळं तपासा.
• हार्ड डिस्क असेल तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून रिकव्हरी करा. मिळालेली फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवा.
• लॅपटॉपच्या एसएसडीवरची फाइल असेल तर लॅपटॉप लगेच बंद करा. तरीही ती मिळेल याची खात्री धरू नका.
• हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर कोणतंही सॉफ्टवेअर चालवू नका. तो यंत्राचा बिघाड आहे आणि चालू ठेवल्यानं वाढतो.

जुनं साधन विकताना किंवा भंगारात देताना काय करावं?

• हार्ड डिस्क: क्विक नाही, पूर्ण फॉरमॅट करा.
• एसएसडी: कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला 'सिक्युअर इरेज' पर्याय वापरा. विंडोज रीसेट करत असाल, तर ड्राइव्ह साफ करण्याचा पर्यायही निवडा.
• पेन ड्राइव्ह आणि कार्ड: पूर्ण फॉरमॅट करा. त्यात खरोखर नाजूक माहिती असेल तर विकूच नका.
• मोबाईल: सिम आणि मेमरी कार्ड काढा, गुगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडा, मग सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट करा.
• बंद पडलेलं साधन: ते चालू होत नाही म्हणून आतली माहिती गेली असं होत नाही. हार्ड डिस्कला चकत्यांच्या आरपार भोकं पाडा आणि मगच ई-कचऱ्यात द्या.

या सगळ्याआधी करण्यासारखी गोष्ट एकच आहे. महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रं दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेर किंवा क्लाउडवर असू द्या. दुसरी प्रत हाताशी असली, तर एसएसडीनं फाइल पुसली म्हणून घाबरण्याचं कारण उरत नाही. आणि आपल्या प्रती कुठे कुठे आहेत हे माहीत असलं, तर साधन विकताना नेमकं काय पुसायचं हेही कळतं.